हरकतींचा फाल्गुन

गेल्या वर्षी फाल्गुनात, एका सोमवारी सकाळी, मांजरी गावाच्या कडेला असलेल्या आमच्या वसाहतीच्या फाटकाशेजारी विजेच्या खांबावर एक नोटीस चिकटवलेली आढळली. वसाहतीला लागून असलेल्या खेळाच्या मैदानाच्या जागी स्टेडियम बांधण्याचा प्रस्ताव आहे. त्यावर कोणाच्या हरकती किंवा सूचना असल्यास त्या महिन्याभरात लेखी दाखल कराव्यात, असे तीत म्हटले होते. नोटीस लावताना कोणी कोणाला पाहिले नाही. ती सर्वांत आधी दूधवाल्याने वाचली आणि दुधासोबत घरोघरी पोचवली.

यंदा पुन्हा फाल्गुन आला आहे. उसाचे फड तुटले की पलीकडचे शेतकरी पाचट पेटवतात. त्याची राख काळ्या दोऱ्यांसारखी हवेत तरंगत येते आणि वाळत घातलेल्या चादरींवर उतरते. ती झटकायची नसते, फुंकायची असते; झटकली तर काळा ओरखडा उठतो. नवीन राहायला आलेल्या माणसाला हे कळायला एक चादर खर्ची घालावी लागते. कालव्याला पाणी सोडले की ओल्या शेवाळाचा वास तिसऱ्या मजल्यापर्यंत चढतो. दहावी-बारावीच्या परीक्षा चालू असतात, म्हणून टीव्हीचे आवाज दबलेले असतात. दुपारी दोनच्या सुमारास वसाहत इतकी शांत होते की मैदानावरून चेंडू बॅटला लागल्याचा आवाज आधी येतो आणि त्यावरची ओरड मागून. गेल्या वर्षापर्यंत हा आवाज ऐकून कोणी खिडकीशी जात नसे.

वर्तमानपत्रात इतकी वर्षे काम करताना ‘नागरिकांमध्ये भीतीचे वातावरण’ हे शब्द किती बातम्यांत बसवले, याचा हिशेब नाही. शेवटच्या परिच्छेदात जागा उरली की ते चालत. वातावरण म्हणजे नेमके काय, हे विचारायची वेळ आली नव्हती. गेल्या फाल्गुनात ते पाहायला मिळाले. भीती बोलण्यात दिसत नव्हती. माणसे मोजमाप करू लागली, त्यात ती दिसत होती. कोणी गॅलरीतून मैदानाच्या कुंपणापर्यंतची पावले मोजली. कोणी फोनवर आवाज मोजण्याचे ॲप घेतले आणि कुकरच्या शिट्टीवर ते तपासून पाहिले. निर्मलाताई गायकवाड पूल ओलांडायला लागणारी मिनिटे मोजू लागल्या.

हा पूल कालव्यावर आहे. वसाहतीतून शहराकडे जायला दुसरी वाट नाही. समोरून टेम्पो आला तर एका गाडीने मागे यावे लागते, आणि कोणी मागे यायचे यावर रोज दोन-चार जणांची ओळख होते.

निर्मलाताई आमच्या शेजारच्या. एका सरकारी कार्यालयाच्या आवक-जावक शाखेत त्यांची उभी नोकरी झाली. आलेला प्रत्येक कागद नोंदवून त्याला क्रमांक देणे, पोच देणे, अपुरा असेल तर परत करणे, हे त्यांचे काम. घरात बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींखाली एक उघडे कपाट आहे. त्यात पतीच्या आजाराच्या फायली तारीखवार लावलेल्या असत. गायकवाडांच्या दोन्ही किडन्या निकामी झालेल्या. मंगळवार, गुरुवार, शनिवार असे आठवड्यातून तीनदा डायलिसिस. दवाखाना हडपसरच्या बाजूला, म्हणजे पुलापलीकडे. सुया टोचण्यासाठी त्यांच्या डाव्या मनगटावर दोन रक्तवाहिन्या शस्त्रक्रियेने जोडलेल्या होत्या. त्या जागी बोट ठेवले की आत बारीक भुणभुण लागते. ती चालू आहे म्हणजे मार्ग चालू आहे. सकाळचा चहा ठेवण्याआधी निर्मलाताई तिथे दोन बोटे ठेवून पाहत.

गायकवाड स्वतः कारखान्याच्या संघातून कबड्डी खेळलेले. त्यांच्या गॅलरीतून मैदान सगळे दिसते. तिथे खुर्ची टाकून ते संध्याकाळभर बसत आणि खालच्या पोरांना वरून सल्ले देत. नोटीस आली त्या दिवशी त्यांनी ती चष्मा लावून दोनदा वाचली.

“चांगलं आहे की,” ते म्हणाले. “बसायला पायऱ्या होतील.”

“अहो, पूल?” निर्मलाताई म्हणाल्या.

“पूल कुठे उचलून नेतायत?”

“सामना असेल त्या दिवशी रस्ता बंद करतील. त्या दिवशी शनिवार असला तर?”

“मग त्यांना कळवू, सामना रविवारी ठेवा, गायकवाड बिझी आहेत.”



हरकतीचा मसुदा निर्मलाताईंनी करायचा, हे सोसायटीच्या बैठकीत पाच मिनिटांत ठरले. एवढ्या लवकर दुसरे काही त्या बैठकीत ठरल्याचे कोणाला आठवत नाही. अध्यक्ष लेले म्हणाले, “सरकारी भाषा सरकारी माणसालाच येते. आपण लिहिलं तर ते समजेल, आणि मग पंचाईत.” निर्मलाताईंनी काम मनावर घेतले. जुन्या नोटिसा पाहिल्या, नियमाची कलमे शोधली, वाहतूक, ध्वनी, वाहनतळ, सांडपाणी असे मुद्दे क्रमाने घातले. मसुदा चार वेळा बदलला. विषय, संदर्भ, महोदय, सर्व काही जागच्या जागी. त्यात त्यांच्या पतीचा उल्लेख नव्हता. व्यक्तिगत कारण हरकतीत घातले की अर्ज हलका होतो, असे त्यांचे मत होते आणि ते अनुभवाचे होते.

मग झेरॉक्स निघाल्या. एका रविवारी सकाळी क्लबहाउसच्या टेबलावर गठ्ठे ठेवून घरटी एक प्रत भरली गेली. नाव, फ्लॅट क्रमांक, सही. वरच्या मजल्यावरचा निखिल भंडाऱ्याहून नोकरीसाठी आलेला, आयटीत आहे, रात्रपाळी करून दिवसा झोपतो. त्याला खाली एक ओळ वाढवायची होती.

“काकू, मी ॲड करू का, की दिवसा झोपेचा प्रॉब्लेम होईल? जेन्युइन आहे ना ते.”

“नमुन्याबाहेर काही लिहायचं नाही,” निर्मलाताई म्हणाल्या. “एक शब्द वेगळा दिसला की कारकून कागद बाजूला काढतो. मी काढलेले आहेत.”

त्याने पेनाचे टोपण लावले. बाकीच्यांनीही आपापल्या ओळी पोटात ठेवल्या. एका बाईंच्या सासूबाईंना फटाक्याच्या आवाजाने झटका येतो. एकांचा मुलगा गर्दी पाहिली की कान झाकून खाली बसतो. हे सगळे त्या टेबलाभोवती बोलले गेले, चहाबरोबर. कागदावर वाहतूक, ध्वनी, वाहनतळ, सांडपाणी गेले.

मैदानाच्या पलीकडे बबनरावांचा ऊस आहे. ते कुंपणाशी उभे राहून हा कार्यक्रम पाहत होते. लेल्यांनी त्यांनाही सहीसाठी बोलावले.

“मला कशाला?” बबनराव म्हणाले. “तुमच्या बिल्डिंगी आल्या तवा आमी हरकत घेतली न्हाई. म्हणून तर तुमी इथं हाय.”

लेले पुण्यातले असूनही त्यांनी पुढे केलेला कागद परत गठ्ठ्यात ठेवला.

त्याच आठवड्यातला शनिवार. मैदानावर एका मंडळाने टेनिस बॉल क्रिकेटची स्पर्धा ठेवली होती. स्टेडियमशी तिचा काही संबंध नव्हता. अशा स्पर्धा पूर्वीही होत. यावेळी बाहेरगावचे संघ आले होते. दुपारी साडेतीनला गायकवाड पती-पत्नी भाड्याच्या गाडीने दवाखान्यात निघाले. आदल्या गुरुवारचे डायलिसिस मध्येच थांबवावे लागले होते, त्यामुळे अंगात पाणी साठले होते आणि गायकवाडांना सकाळपासून धाप लागत होती. मीही त्याच गाडीत होतो. मला हडपसरला उतरायचे होते.

पुलावर दोन्ही कठड्यांना लागून मोटारसायकली लावलेल्या होत्या. मधोमध स्पीकरच्या भिंतींनी भरलेला टेम्पो आमच्या पुढच्या मोटारीसमोर अडकला होता. आमच्या मागे रिक्षा आल्या, त्यांच्या मागे बबनरावांचा उसाची ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर. चालकाने इंजिन बंद केले. काचा खाली केल्या तेव्हा कालव्याचा वास आणि समालोचकाचा आवाज एकदमच आत आले.

गायकवाड मागच्या सीटवर पुढे वाकून बसले होते. पाठ टेकली की श्वास पुरत नव्हता. प्रत्येक श्वासाला घशात पाण्याचा आवाज येत होता. निर्मलाताईंनी घड्याळ पाहिले, मग त्यांच्या मनगटावर बोटे ठेवली, मग पुन्हा घड्याळ पाहिले. ओठांचा रंग बदलत होता की ती सावली होती, हे सांगता येत नव्हते.

“कोण... बॅटिंग करतंय?” गायकवाडांनी विचारले.

निर्मलाताई दार उघडून उतरल्या. माणसांना बाजूला सारत त्या टेम्पोपर्यंत गेल्या आणि त्याच्या पत्र्यावर तळहाताने मारू लागल्या. नोकरीत त्यांनी कधी आवाज चढवल्याचे कोणी सांगत नाही. तिथे त्या काहीतरी ओरडत होत्या; स्पीकर चालू असल्यामुळे फक्त तोंड हललेले दिसत होते. टेम्पोच्या चालकाला वाटले त्या गाणे बंद करायला सांगत आहेत. त्याने हात जोडून, हसून, मान हलवली.

शेवटी बबनराव ट्रॅक्टरवरून उतरून आले. गाडीत एक नजर टाकली आणि पुढे गेले.

“मागं घे रं! दिसत न्हाई का? पेशंट हाय गाडीत! तुझ्या डीजेला लागली आग, मागं घे आधी!”

मोटारसायकली हातांनी उचलून कठड्याशी चिकटवल्या गेल्या. टेम्पो इंच इंच मागे सरकला. निर्मलाताई धावत येऊन गाडीत बसल्या आणि आमची गाडी पुलाबाहेर पडली. दवाखान्यात त्यांना आधी ऑक्सिजन आणि मग मशीन लावले. संध्याकाळी ते स्वतःच्या पायांनी गाडीत बसले.

त्या दिवसापासून निर्मलाताई वेळेच्या दोन तास आधी निघू लागल्या. मैदानावर चार पोरे जास्त दिसली की त्या गॅलरीत येऊन उभ्या राहत. ढोलाचा सराव ऐकू आला की चौकशीला वॉचमनकडे जात. माझ्याही बाबतीत असे झाले, की चेंडू बॅटला लागल्याचा आवाज आला आणि मी लिहिता लिहिता थांबून पुढची ओरड किती मोठी येते ते ऐकू लागलो. मैदानावर अजून एक खड्डासुद्धा खणला गेला नव्हता.

हरकती दाखल करायच्या शेवटच्या दिवशी निर्मलाताई आणि मी गठ्ठा घेऊन कार्यालयात गेलो. मसुदा निर्दोष व्हायला आणि घरटी सही मिळायला तेवढे दिवस लागले होते. खिडकीमागच्या कारकुनाने वरचे तीन-चार कागद उलटून पाहिले.

“सगळ्यांचं एकच आहे का, मॅडम?”

“एकच. नमुन्यात आहे.”

“मग एकच नंबर पडेल. मजकूर एक तर हरकत एक. बाकीच्या सह्या सोबत जोडपत्र.”

“असा नियम कुठे आहे?”

“जुना आहे,” कारकून म्हणाला. “तुमच्याच काळातला असणार.”

नियम होता. निर्मलाताईंना तो आठवला तेव्हा त्यांचा चेहरा मी पाहिला. खिडकी पाचला बंद होत होती आणि पावणेपाच झाले होते. अख्ख्या वसाहतीच्या हरकतीला एक क्रमांक, एक पोच आणि एक शिक्का मिळाला.

परत येताना रिक्षात त्या म्हणाल्या, “मी त्या मुलाला एक ओळ लिहू दिली नाही.” 

सुनावणीची तारीख गुरुवारची आली. बदलून मिळावी म्हणून अर्ज केला. त्याचे उत्तर आले नाही. निखिल म्हणाला, “काकू, टेन्शन नका घेऊ. काकांना मी नेतो. लॅपटॉप सोबत घेतो, तिथूनच लॉगिन करतो. तुम्ही जा, तुम्हालाच जावं लागेल.” नवऱ्याला आपल्याशिवाय डायलिसिसला पाठवण्याची ती त्यांची पहिली वेळ. सभागृहात त्या पर्स मांडीवर आणि फोन हातात घेऊन बसल्या. दर काही मिनिटांनी पडदा उजळत होता. निखिल लिहीत होता: पूल क्रॉस. पोचलो. मशीन लावलं. काका झोपले.

आमच्या क्रमांकाला बोलायला एकाच प्रतिनिधीची परवानगी होती. ती अध्यक्षांची. लेले उभे राहिले. त्यांनी सुरुवात शहराच्या क्रीडापरंपरेपासून केली. वाहनतळाच्या मुद्द्यावर येईतो अधिकाऱ्यांनी घड्याळाकडे पाहिले. “थोडक्यात सांगा.” लेले म्हणाले, “थोडक्यातच सांगतोय, आपण सविस्तर ऐकताय.” लोक हसले. पूल हा शब्द उच्चारला गेला नाही. अधिकाऱ्यांनी आभार मानून पुढचा क्रमांक पुकारला.

पुढचे नाव गायकवाडांचे होते.

निर्मलाताईंनी आधी शेजारी पाहिले, मग मागे. नाव पुन्हा पुकारले गेले. त्या उठून उभ्या राहिल्या.

“अर्जदार आपण?”

“नाही. ते माझे पती. ते... आज येऊ शकत नाहीत.”

“त्यांच्या वतीने बोलायचं अधिकारपत्र आहे का?”

सगळ्या नोकरीत हाच प्रश्न त्यांनी खिडकीच्या आतल्या बाजूने विचारला होता. पर्समध्ये हात घालून त्यांनी तो तसाच बाहेर काढला.

“नाही,” त्या म्हणाल्या.

“ठीक आहे. अर्जदार गैरहजर. लेखी म्हणणं नोंदीवर घेतलंय.”

त्या खाली बसल्या. त्यांना या अर्जाची काहीच कल्पना नव्हती. तो हाताने लिहिलेला असल्यामुळे, आणि तसा दुसरा नसल्यामुळे, त्याला स्वतंत्र क्रमांक मिळाला होता.

घरी जाऊन नवऱ्याला विचारावे, हे त्यांना त्या दिवशी जमले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या अर्जाची नक्कल मिळावी म्हणून कार्यालयाला रीतसर पत्र लिहायला घेतले. गायकवाड खुर्चीतून म्हणाले, “निर्मला, अगं, समोरच बसलोय मी. स्थळप्रत आहे माझ्याकडे. तुझ्याकडूनच शिकलो ठेवायला.” निखिल कामासाठी शहराकडे जातच असे, अर्ज त्यांनी मुदतीतच त्याच्याकरवी दाखल केला होता.

तो कागद निर्मलाताईंनी मला नंतर वाचायला दिला. त्यावर ‘हरकत’ हा शब्द नाही. विषयाच्या जागी ‘सूचना’ असे लिहिले आहे. मजकूर असा: मैदान आहे तिथे स्टेडियम झाल्यास मला आनंद आहे, मी खेळाडू होतो. मी आठवड्यातून तीन वेळा कालव्याचा पूल ओलांडतो व न ओलांडल्यास जगणार नाही. तरी आधी दुसरा पूल बांधावा. माझ्या पत्नीने आपल्याकडे हरकत दिली आहे, तीत तिने स्वतःचे कारण लिहिलेले नाही. तिला भीती वाटते. पुलावर गाडी अडकली त्या दिवसापासून ती नीट जेवत नाही. कृपया याची नोंद घ्यावी.

खाली सही, फ्लॅट क्रमांक, आणि डायलिसिसचे वार.

“काय करायचं आता या माणसाला,” निर्मलाताई म्हणाल्या. कागद त्यांनी फाईलला लावला, तारखेप्रमाणे.

सुनावणीचा निर्णय उन्हाळ्यात आला नाही, पावसाळ्यातही आला नाही. गणपतीत पूल दोनदा तुंबला. ते दिवस सोमवार आणि बुधवार होते, म्हणून काही झाले नाही. त्या दोन्ही दिवशी निर्मलाताई फाटकाशी उभ्या राहून गाड्यांची रांग पाहत होत्या. बघून काय होणार, असे लेल्यांनी विचारले. “शनिवारी किती होईल, अंदाज घेतेय,” त्या म्हणाल्या.

दिवाळीनंतर एका सकाळी मैदानाच्या कोपऱ्यात ट्रकमधून लांब लोखंडी खांब उतरवले गेले. कशाचे, हे वॉचमनला माहीत नव्हते. स्टेडियमच्या दिव्यांचे असतील, असे तो म्हणाला. दुपारपर्यंत ते दिव्यांचेच झाले होते. संध्याकाळी निर्मलाताईंनी दवाखान्याजवळ भाड्याचे घर पाहायला सुरुवात केली.

“अजून एक वीट नाही लागली, निर्मला.”

“वीट लागल्यावर सगळेच शोधतील. मग मिळेल का?”

“इथून मैदान दिसतं.”

“तिथून दवाखाना दिसतो.”

गायकवाडांनी खाली पाहिले. एका पोराने चेंडू कुंपणापलीकडे उसात मारला होता आणि सगळे तो शोधत होते. “डावीकडे! अरे, डावीकडे!” ते वरून ओरडले. मग खुर्ची आत घेऊन आले आणि म्हणाले, “बघून ये. पण तळमजला नको.”

यंदा पाचटाची राख पडू लागल्यावर हे सगळे पुन्हा क्रमाने आठवले. त्यांच्या गॅलरीच्या कठड्यावर राख साचली आहे; फुंकायला कोणी नाही. परीक्षा चालू आहेत. दुपारी चेंडूचा आवाज येतो. आमच्या मजल्यावर अजूनही दोन घरांत तो ऐकून माणसे खिडकीशी येतात. त्यातले एक घर माझे आहे.

गायकवाड जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात नव्या घरी गेले. दवाखाना रस्त्यापलीकडे आहे; मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी ते दोघे चालत जातात. लोखंडी खांब एका मांडववाल्याचे होते. लग्नसराई सुरू झाल्यावर तो ते टेम्पोत भरून घेऊन गेला. गेल्या सोमवारी कार्यालयात चौकशी केली असता प्रस्ताव विचाराधीन असल्याचे सांगण्यात आले. मैदानावर अद्याप कोणतेही बांधकाम सुरू झालेले नाही.